फ्लॅटमालकासाठी फाइल बनवताय? या चुका टाळा

फ्लॅट रीसेलला काढायचं ठरलं की मालक सहसा दोन-तीन एजंटांना घरी बोलावतो. एजंट काम मागण्यासाठी बनवलेली चकचकीत फाइल घेऊन येतो, चहा होतो, पानं उलटली जातात आणि शेवटी मालक म्हणतो, "बरं, घरात बोलून कळवतो." मग फोन येत नाही. एजंटाला वाटतं, दुसऱ्याने ब्रोकरेज कमी सांगितलं असणार. कधीकधी तसं असतंही. पण एकदा ती फाइल पुन्हा उघडून बघा. पहिली पानं आपल्याच फर्मची, सत्काराचे फोटो, खूश ग्राहकांची वाक्यं. मालकाच्या घराबद्दल एकच पान, आणि त्यावर एकच आकडा. तो कुठून आला, याचा पत्ता नाही.

मालकाला दोन गोष्टी कळायला हव्या असतात. घर कितीला जाईल आणि त्यातले हातात किती पडतील. फाइल याच दोन प्रश्नांभोवती बांधायची. तुमचं नाव, महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा) नोंदणी क्रमांक, सक्षमता प्रमाणपत्र आणि जवळपास करून दिलेले दोन-चार व्यवहार एवढं पहिल्या पानावर पुरतं.

काम मिळावं म्हणून चढवलेला भाव

ही सगळ्यात महागडी चूक आहे आणि तिची किंमत मालक मोजतो. आधीच्या एजंटाने एक कोटी सांगितले हे कानावर आलं की आपण एक कोटी दहा सांगायचे, काम हातात घ्यायचं आणि "मार्केट जरा थंड आहे काका" म्हणत महिन्या-दोन महिन्यांनी भाव उतरवत न्यायचा. हा प्रकार इतका रुळला आहे की नवी मुलं यालाच कौशल्य समजतात.

त्या भावाने काय होतं ते बघा. त्या भागात खरोखर घर शोधणारी पार्टी जाहिरात पहिल्या काही आठवड्यांतच बघते. भाव जास्त दिसला तर ती व्हिजिटलाही येत नाही. दोन-तीन महिन्यांनी तुम्ही भाव योग्य जागी आणता तेव्हा तोच फ्लॅट सगळ्यांनी पाहिलेला असतो आणि पहिला प्रश्न येतो, "हा अजून गेला नाही? काही प्रॉब्लेम आहे का?" मग तो मूळ योग्य भावापेक्षाही खाली जातो. त्याहून वाईट म्हणजे, तुमच्या आकड्याच्या भरवशावर मालकाने दुसरीकडे विसार देऊन ठेवलेला असू शकतो. निवृत्त माणसाच्या बाबतीत ती आयुष्याची पुंजी असते. म्हणून फाइलमध्ये तोच भाव छापा ज्याखाली तुम्ही तारीख घालून सही कराल.

चढा भाव बहुतेक वेळा पोर्टलवरून येतो. पोर्टलवर दिसतो तो मागितलेला भाव, मिळालेला नव्हे. एकच फ्लॅट पाच एजंटांनी पाच भावांना टाकलेला असतो. त्याची सरासरी काढून आलेख केला की तो सुंदर दिसतो, पण त्याला आधार नसतो.

ई-सर्चचे आकडे जसेच्या तसे चिकटवणं

खरे आकडे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर मिळतात. जिल्हा, तालुका, गाव, सर्व्हे किंवा सीटीएस नंबर (शहरातल्या जागेचा भूमापन क्रमांक) आणि वर्ष टाकलं की सूची क्र. 2, म्हणजे आपला इंडेक्स टू, बघता येतो. त्यात मोबदला (करारातली किंमत), शासकीय बाजारमूल्य, क्षेत्रफळ आणि नोंदणीची तारीख असते. पण नुसता प्रिंट काढून फाइलला लावला तर मालक गोंधळतो.

समजा, कोथरूडमधल्या वीस वर्षं जुन्या सोसायटीतला टू बीएचके आहे. वर्षभरात त्याच सोसायटीत आणि शेजारी तीन व्यवहार झाले: 92 लाख, 96 लाख आणि 1 कोटी 1 लाख. मालक साहजिकच तिसऱ्यावर बोट ठेवणार. त्या तीन ओळींपुढे तुमचं काम सुरू होतं. 92 लाखांचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, पार्किंग नाही. 1 कोटी 1 लाखवाला पाचव्या मजल्यावर, लिफ्टची बिल्डिंग, पार्किंग आहे, किचन-बाथरूम नव्याने केलेली. मालकाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, पार्किंग आहे, पण आतलं काम जुनं. म्हणून 95 ते 98 लाख. अशी तुलना मालकासमोर बोट ठेवून वाचून दाखवता आली की भावावरचा वाद निम्मा तिथेच मिटतो.

इथे क्षेत्रफळाचा घोळ हमखास होतो. इंडेक्स टूवर आकडा चौरस मीटरमध्ये असतो, तो 10.764 ने गुणला की चौरस फूट येतात. 59.46 चौ.मी. म्हणजे 640 चौ. फूट. पण तो कार्पेट (भिंतींच्या आतलं) आहे की बिल्ट-अप (भिंतींसकट), ते दस्त वाचल्याशिवाय कळत नाही. जुन्या करारनाम्यांत बिल्ट-अप असतं, बिल्डरच्या ब्रोशरवर सेलेबल (जिना-लिफ्टचा वाटाही धरलेलं) होतं आणि मालकाच्या डोक्यात तेच "साडेनऊशेचा फ्लॅट" असं पक्कं बसलेलं असतं. तीनही व्यवहार कार्पेटवर आणल्याखेरीज दर काढू नका. बाल्कनी बंद करून हॉलमध्ये घेतली असेल तर तीही वेगळी लिहा. रेरा कायद्याच्या व्याख्येत बाल्कनी कार्पेटमध्ये धरत नाहीत.

आणखी दोन गोष्टी. इंडेक्स टूवर शेजाऱ्यांची नावं असतात. नोंद सार्वजनिक असली तरी फाइलमध्ये ती झाका. एकाच जिन्यातल्या माणसांत नाहक कुजबुज होते. दुसरं म्हणजे "वर वेगळे दिले होते", म्हणजे कराराबाहेर रोख दिली, ही ऐकीव माहिती भावात धरू नका. मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्याने मनाई आहे आणि घेणाऱ्याला, म्हणजे तुमच्या मालकाला, तेवढाच दंड होऊ शकतो. रेडी रेकनरचं, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दराने येणारं, मूल्यही सोबत लिहा. करारातली रक्कम कमी असेल आणि रेकनरचं मूल्य तिच्यापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त भरत असेल, तर भांडवली नफा रेकनरच्या मूल्यावर मोजतात.

कागद नंतर बघू म्हणणं

पहिल्याच भेटीत कागद मागितले तर मालक बिचकेल असं वाटतं, म्हणून फाइलमध्ये कागदांचं पानच नसतं. पुढे टोकन होतं, पार्टीची बँक फाइल तपासते आणि व्यवहार तिथेच अडकतो. कागद मागू नका हवं तर, पण यादी द्या: करारनाम्यांची पूर्ण चेन (पहिल्या खरेदीपासून आजपर्यंतचे सगळे), प्रत्येकाचा इंडेक्स टू आणि नोंदणीची पावती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची आणि मेंटेनन्सची शेवटची पावती, वीजबिल, कर्ज असेल तर बँकेकडच्या कागदांची यादी. प्रत्येकापुढे "आहे, नाही, शोधायचा" असे रकाने ठेवा. मालक आपणहून कपाट उघडतो.

काही ठिकाणी नुसत्या यादीने भागत नाही.

शेअर सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव, वडील वारलेले, मुलगा नॉमिनी आणि घर दाखवणाराही तोच. नॉमिनी झाला म्हणून तो एकटा मालक होत नाही. बहीण असेल तर तिचं हक्कसोडपत्र किंवा तिची सही लागणार. हा प्रश्न पहिल्या भेटीत हळुवारपणे विचारा, सगळ्यांसमोर नको. घरात त्यावरून आधीच ताण असू शकतो.

बिल्डिंग जुनी असेल तर पहिल्या करारनाम्याची तारीख बघा. ताबा देणाऱ्या करारनाम्यांना खरेदीखतासारखं मुद्रांक शुल्क 10 डिसेंबर 1985 पासून लागू झालं. त्यानंतरचा एखादा दस्त कमी मुद्रांकाचा किंवा नोंदणी न झालेला असेल तर तो आधी दुरुस्त करायला वेळ लागेल, हे मालकाला आजच कळू द्या.

आणि पार्किंग. ब्रोशरवर "1 कव्हर्ड पार्किंग" छापण्याआधी ते कशाच्या आधारावर आहे ते विचारा. उघडं किंवा स्टिल्टमधलं (बिल्डिंगखालच्या खांबांमधलं) पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली नहालचंद लालूचंद प्रकरणात दिला. ते सोसायटीच्या ताब्यात असतं आणि सोसायटीच ते देते. सोसायटीचं वाटपाचं पत्र असेल तर तसं लिहा. दरवर्षी चिठ्ठ्या टाकून मिळत असेल तर तेही लिहा. पार्टीला हे रजिस्ट्रेशनच्या आदल्या दिवशी कळलं तर ती त्याच दिवशी भाव पाडते.

रीडेव्हलपमेंटची चर्चा सुरू असेल तर सर्वसाधारण सभेत ठराव झाला आहे का, विकसक नेमला आहे का, हे सेक्रेटरीकडून विचारून घ्या. "रीडेव्हलपमेंटला जाणार" या ऐकीव वाक्यावर दहा लाख वाढवणारे एजंट आहेत. ठरावच नसेल तर तो भाव कोणीही देत नाही.

हातात किती पडणार, हे पानच नसणं

माझ्या मते फाइलमधलं सर्वात मोलाचं पान हे, आणि बहुतेक फाइलींत ते नसतंच. वरचाच फ्लॅट 98 लाखांना गेला असं धरा:

विक्रीची रक्कम: 98,00,000
बाकी गृहकर्ज: 14,20,000
ब्रोकरेज 1 टक्का: 98,000
त्यावर 18 टक्के जीएसटी: 17,640
खरेदीदार कापेल तो 1 टक्का टीडीएस: 98,000
मेंटेनन्सची थकबाकी: 18,000
सोसायटीचा ट्रान्सफर प्रीमियम, निम्मा: 12,500
हातात: 81,35,860

प्रत्येक ओळीखाली एक वाक्य हवं. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर, 50 लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात कापतात. तो मालकाच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना हिशोबात धरला जातो. महापालिका हद्दीत सोसायटीला ट्रान्सफर प्रीमियम म्हणून जास्तीत जास्त 25 हजार घेता येतात. तो कोणी भरायचा हे दोन्ही बाजूंनी ठरवायचं. देणगी, विकास निधी या नावाखाली जास्त मागत असतील तर ते आधी कळलेलं बरं. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही, याची अनेक मालकांना कल्पना नसते.

भांडवली नफ्याचा आकडा स्वतः काढून छापू नका, तो सीएचा प्रांत आहे. पण मालकाने सीएला काय विचारायचं ते लिहून द्या. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घरावर भारतात राहणाऱ्या व्यक्तीला 12.5 टक्के इंडेक्सेशनशिवाय (महागाईनुसार खरेदीची किंमत न वाढवता) किंवा 20 टक्के इंडेक्सेशनसह, यातला कमी कर निवडता येतो. घर 1 एप्रिल 2001 च्या आधीचं असेल तर त्या तारखेचं मूल्य धरता येतं, त्यासाठी नोंदणीकृत व्हॅल्युअरचा अहवाल काढून ठेवावा. नवीन घर घ्यायचं असेल किंवा सहा महिन्यांत 50 लाखांपर्यंतचे ठराविक बॉण्ड घ्यायचे असतील तर करसवलत आहे. हे आधी न कळल्याने मुदत निघून गेलेले मालक दर वर्षी भेटतात.

मालक परदेशात असताना तीच फाइल पाठवणं

पुण्या-ठाण्यात आता हे नेहमीचं झालं आहे. आईवडील इथे, फ्लॅट मुलाच्या नावावर, मुलगा न्यू जर्सीत किंवा मेलबर्नला. अनिवासी मालकाचा टीडीएस 1 टक्का नसतो. दीर्घकालीन नफ्याचा 12.5 टक्के दर अधिक सरचार्ज आणि सेस असा तो लागतो. कमी कपातीचं प्रमाणपत्र आयकर विभागाकडून आधी काढलं नसेल तर बहुतेक खरेदीदार तो पूर्ण रकमेवर कापतात. 20 टक्के इंडेक्सेशनचा पर्यायही अनिवासींना नाही. कुलमुखत्यारपत्र तिकडे केलं तर ते तिथे रीतसर साक्षांकित झालेलं हवं आणि महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. या मालकांसाठी हातात-किती चं पान वेगळंच करा आणि प्रमाणपत्राला लागणारे आठवडे टोकनच्या आधी धरा.

भाषा आणि दिसणं

सत्तरीच्या काकूंना इंग्रजी पीपीटी दाखवून "व्हॅल्यू प्रपोझिशन" समजावू नका. आकड्यांची पानं मराठीत, मोठ्या अक्षरात, कागदावर छापून द्या. व्हॉट्सअ‍ॅपची पीडीएफ मुलांना पाठवायला ठेवा. घराच्या नमुना फोटोंत दुसऱ्या ग्राहकाचं देवघर, कुटुंबाचे फोटो, दारावरची पाटी दिसत असेल तर तो फोटो वापरू नका. समोरचा लगेच विचार करतो की उद्या माझंही घर असंच फिरेल. आणि विचारल्याशिवाय "अर्जंट सेल" कुठेही लिहू नका. विकण्याचं कारण मालकाने सांगितलं तरी ते फाइलमध्ये नको.

फाइल देऊन आलात आणि फोन नाही

चार-पाच दिवस गेले की "काय ठरलं?" एवढंच विचारणारा फोन करू नका. घरात कोणता आकडा अडला ते शोधा. भाव कमी वाटत असेल तर तुलनेतला तिसरा व्यवहार पुन्हा समजावा, शक्य असेल तर त्या बिल्डिंगखाली नेऊन दाखवा. ब्रोकरेज अडलं असेल तर त्यात काय काय येतं ते लिहून द्या: फोटो, जाहिरात, व्हिजिटला माणूस, बँकेचा पाठपुरावा, सोसायटीचं पत्र, रजिस्ट्रेशनच्या दिवशी हजेरी. घरात दोन मतं असतील, म्हणजे बायकोला विकायचं नाही किंवा मुलीला विचारलेलं नाही, तर थांबा. तिथे रेटून मिळवलेली सही टोकनच्या दिवशी मागे घेतली जाते.

"पार्टी तयार आहे, उद्याच आणतो" असं सांगून आला असाल आणि पार्टी नसेल, तर तो मालक पुन्हा फोन उचलणार नाही. ज्यांना हा फ्लॅट चालू शकेल अशा खरेदीदारांची नुसती गरज लिहा, बजेट आणि भागासकट, नावं न देता. एक्स्क्लुझिव्ह (काम फक्त तुमच्याकडेच) मागत असाल तर मुदत लेखी ठेवा, साठ किंवा नव्वद दिवस, आणि व्हिजिटचा अहवाल कोणत्या वारी द्याल तेही त्याच कागदावर लिहा.