जुन्या मशीनवर लिनक्स टाकताय? या चुका टाळा

आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यात, बसथांब्याला लागून माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पाच वर्षांपासून दुकानातलं मशीन लिनक्स मिंटवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या एका फुकट सिस्टीमवर चालतं. गिऱ्हाईक स्क्रीनकडे पाहून विचारतं, "भाऊ, हे कोणतं विंडोज होय?" मी दोन शब्द सांगितले की लगेच, "मंग आमच्याही कॉम्प्युटरवर टाकून द्या न!" पहिली चूक इथेच होते. दुसऱ्याच्या कारणासाठी आपलं मशीन बदलू नये.

माझी कारणं साधी होती. मशीन सेकंडहँड, ४ जीबी रॅमचं. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, ती यात नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, आणि संपलाही. लिनक्सच्या आधी मी तीनशे रुपयांत फॉरमॅट मारून घेतलेली विंडोजची चोरीची प्रत वापरायचो. गावाचे आधार कार्ड अन् पासबुक ज्या मशीनवर स्कॅन होतात, तिथे असलं काही नको, हे मला उशिरा उमगलं. आणि पेनड्राइव्ह! पोरं येतात, म्हणतात फोल्डर गायब झाले, नुसते शॉर्टकट दिसतात. लिनक्समध्ये लपवलेले मूळ फोल्डर सरळ समोर दिसतात. ते कॉपी करून घ्यायचे, शॉर्टकट सोडून द्यायचे.

भाच्याच्या मशीनवर मात्र मी हौसेनं टाकून दिलं. त्याला शिकायची होती हिशोबाची टॅली, आणि ती विंडोजची. आठ दिवसांत फोन आला, "मामा, याच्यात टॅली कुठी हाय?" म्हणून आधी स्वतःच्या कामांची यादी करा. सातबारा, पीक विम्याचा फॉर्म, मेल, पीडीएफ हे सगळं ब्राउझरमध्ये होतं, अडत नाही. अंगठ्याचं यंत्र आणि डिजिटल सहीचं टोकन यांचं पक्कं विचारून घ्या. माझं अंगठ्याचं यंत्र लिनक्सवर चाललं नाही, त्यासाठी एक विंडोजचा लॅपटॉप कोपऱ्यात ठेवलाय. त्यात कमीपणा कसला?

आता सर्वात महागात पडलेली चूक. आपल्याकडे सगळा जीव डी ड्राइव्हमध्ये असतो, आणि फॉरमॅट मारणाऱ्यानं वर्षानुवर्षं सांगितलेलं असतं, "सी उडते, डी राहते." लिनक्सच्या इन्स्टॉलरला हा करार माहीत नाही. सी आणि डी हे बहुतेक घरांत एकाच डिस्कचे दोन भाग असतात, आणि 'डिस्क पुसून इन्स्टॉल करा' म्हटलं की दोन्ही जातात. मी तेच बटण दाबलं. बहिणीच्या लग्नाचे फोटो डीमध्ये होते. तुमच्याकडून असं झालंच तर मशीन तिथेच बंद करा, त्या डिस्कवर नवीन काही लिहू नका. मग डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून फोटोरेक हा पुसलेल्या फाइली शोधणारा प्रोग्रॅम चालवा. मला निम्म्याहून जास्त फोटो परत मिळाले, पण फाइलींची नावं गेली. हळद, सीमांतपूजन, वरात, पंगत, सगळी एकात एक. बहीण अजून बोलून दाखवते. तेव्हा आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, आणि ती कॉपी दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

डाउनलोडचं एक सांगतो. मिंटची फाइल पावणेतीन-तीन जीबीची, आणि आपला पॅक रोजचा दीड जीबीचा. मध्येच डेटा संपला की अर्धी फाइल राहते. मिंटच्या साइटवर टॉरेंट (तुकड्या-तुकड्यानं डाउनलोड करायची सोय) असतो, तो घ्या. उद्या तिथूनच पुढे सुरू होतो आणि फाइल बरोबर उतरली का हेही स्वतः तपासतो. फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट करून मशीन त्यावरून सुरू होत नाही. रुफस किंवा बलेना एचर अशा प्रोग्रॅमनं लिहावी लागते, आणि त्यात पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं.

पेनड्राइव्हवरून मशीन सुरू झाल्यावर इन्स्टॉलची घाई नको. तसंच तासभर चालवा. वायफाय, आवाज, प्रिंटर बघा. एचपी लेझरजेट १०२० सारख्या प्रिंटरला वेगळं प्लगिन (जोड-सॉफ्टवेअर) उतरवावं लागतं, तेव्हा नेट चालू ठेवा.

अपडेट सुरू असताना लाइन गेली तर घाबरून पुन्हा फॉरमॅट मारू नका. पुढच्या वेळी डीपीकेजी (सॉफ्टवेअर बसवणारा लिनक्समधला प्रोग्रॅम) अर्धवट थांबल्याचा संदेश येतो, आणि कोणती आज्ञा द्यायची ते त्याच ओळीत लिहिलेलं असतं. जशीच्या तशी टाका. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

विंडोज आणि लिनक्स एकाच मशीनवर ठेवणाऱ्यांना दोन गोष्टी छळतात. लिनक्समधून डी ड्राइव्हमध्ये काही सेव्ह होत नाही, कारण फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपलेलं असतं. शिफ्ट दाबून शटडाउन करा, किंवा फास्ट स्टार्टअपच बंद करा. दुसरं, विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडतं. लिनक्स मशीनच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच आपली समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की मिटलं.

मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी लेआउट जोडा. जुने अर्ज उघडल्यावर किडेमुंग्या दिसल्या तर फाइल खराब नाही, तो युनिकोडच्या, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या मराठी टायपिंगच्या आधीचा फॉन्ट आहे. तो फॉन्ट मिळवून डबल क्लिक करून बसवा.

आणि मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. एक जण सीपीयू मोटरसायकलवर बांधून घेऊन आला. "लिनक्स टाकल्यापासून एकही साइट उघडत नाही बाप्पा, सगळी असुरक्षित म्हणते." मी कोपऱ्यातली तारीख बघितली. १ जानेवारी २००९. तारीख चुकली की ब्राउझर साइटवर विश्वास ठेवत नाही. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला होता, त्यामुळे लाइन गेली की मशीन कित्येक वर्षं मागे जायचं. सेल घड्याळवाल्याकडे मिळाला. पंख्यात अडकलेली कापसाची रुई काढायलाच जास्त वेळ लागला.