दहा माणसांचा आठवड्याचा बाजार, इंदूरच्या घरासाठी

मोठ्या घरात बाजाराचा खरा ताप पिशव्यांच्या वजनाचा नसतो. रोज संध्याकाळी कुणाला तरी 'जरा कोथिंबीर आणि पाव किलो दही' आणायला पळावं लागतं, तो ताप. म्हणून आधी सामानाचे तीन वाटे करा. किराणा महिन्यातून एकदा, सियागंज किंवा मारोठिया बाजारातून. भाजी-फळं आठवड्याची, चोइथराम मंडीतून किंवा कॉलनीजवळच्या हाटातून. दूध-दही आणि एखादी पालेभाजी दारावर. आठवड्याच्या फेरीत फक्त मधला वाटा आणि किराण्यातलं संपत आलेलं एखाद-दुसरं आणायचं. सगळं एका दमात आणायला गेलं की स्कूटरवर तेलाचा डबा वर आणि टोमॅटो खाली, हे ठरलेलं.

आता खप. आठ मोठी माणसं, दोन मुलं आणि दोन्ही वेळा घरचं जेवण धरलं, तर आठवड्याला साधारण एवढं लागतं:

कणीक साडेतेरा किलो (मोठ्यांना दिवसाला ७ पोळ्या, मुलांना ४, पोळीला ३० ग्रॅम)
तांदूळ साडेचार किलो, भात एकाच वेळी असेल तर
तूरडाळ २ किलो, वरण रोज असेल तर
तेल दीड ते दोन लिटर
साखर १ किलो, चहा ३०० ग्रॅम
पोहे २ किलो (एका नाश्त्याला ६०० ग्रॅम, इंदूर आहे, तीन नाश्ते तरी पोह्यांचेच धरा)
भाजी १५ ते १६ किलो, शिवाय कांदे ४, बटाटे ४, टोमॅटो ३ किलो
मिरची, आलं, लसूण पाव-पाव किलो

तुमच्या घरचे आकडे वेगळे निघतील आणि ते काढणं सोपं आहे. डबा भरला की झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी लावून तारीख आणि वजन लिहा. पुन्हा भरताना मधले दिवस मोजा. दोन वेळा असं केलं की अंदाजपंचे कारभार संपतो.

यादी एकच असावी आणि ती स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेली असावी. शेवटचं पाकीट जो फोडेल त्यानेच लिहायचं, सुनेनेच लिहायचं असा नियम नको. आदल्या रात्री एकाच माणसाने डबे बघून तिच्यावर शेवटचा हात फिरवायचा आणि तिचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचा. हे ठरलेलं नसलं की दोघं कोथिंबीर आणतात आणि जिरं कुणीच आणत नाही. त्याच वेळी कालनिर्णयही बघा. आठवड्यात एकादशी किंवा चतुर्थी असेल आणि सहा माणसं उपास करणारी असतील, तर एका वेळच्या खिचडीला साबुदाणा ४०० ग्रॅम, दाण्याचा कूट २०० ग्रॅम आणि अर्धा किलो बटाटे जादा लागतात. मोरधन (भगर) संपलं आहे, हे नेमकं उपासाच्या सकाळीच कळतं.

मंडीत सकाळी लवकर जा. तिथे बऱ्याच ठिकाणी भाव धडीचा, म्हणजे ५ किलोचा असतो. 'भैया, धडी का क्या भाव?' असं विचारलं की किलोमागे होणारा फरक लगेच समजतो. पण प्रत्येक गोष्ट धडीने घेऊ नका. बटाटे आणि कांदे घ्या, ते संपतात. टोमॅटो ५ किलो परवडतात ते शेजारच्या घराशी वाटा ठरलेला असेल तरच. गिलकी (घोसाळी), भेंडी, गवार धडीने घेतली तर चौथ्या दिवशी निम्मी टाकावी लागते आणि वाचलेले पैसे तिथेच जातात. हिवाळ्यातला मटार मात्र जरूर घ्या. ५ किलो शेंगांचे साधारण दोन ते अडीच किलो दाणे निघतात. ते उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकून लगेच गार पाण्यात काढायचे, कापडावर पूर्ण कोरडे करायचे आणि एका भाजीला लागतील तेवढे पिशवीत भरून फ्रीझरमध्ये ठेवायचे. ओले भरले तर त्यांचा एकच दगड होतो.

ढिगाच्या वरचा माल चांगलाच असतो, हात खाली घालून बघा. पालेभाजीची जुडी झटकून घ्या. शिंपडलेल्या पाण्याचे पैसेही आपणच देतो आणि तेच पाणी भाजी सडवतं. तीन पिशव्या आणि एक टोपली लागते: कांदे-बटाट्यांना एक जाड, टणक भाज्यांना एक, पाल्याला एक, आणि टोमॅटो-केळ्यांसाठी कडक टोपली.

तेलाच्या डब्यावर १५ लिटर लिहिलंय की १५ किलो, हे वाचल्याशिवाय भाव विचारू नका. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ लिटरचा डबा जेमतेम साडेतेरा किलोचा. पाऊचचंही तसंच. काही पाऊच दिसायला लिटरचे असतात, आत त्याहून कमी तेल असतं. ग्रॅम वाचा, मगच स्वस्त की महाग ते ठरवा.

घरी आल्यावर पिशव्या ओट्याखाली सरकवून चहा प्यायला बसलात तर केलेलं निम्मं फुकट जातं. चार माणसं आणि पाऊण तास, एवढंच काम आहे. जमिनीवर जुनी चादर अंथरून सगळी भाजी पसरा. कोथिंबीर धुवायची नाही. पिवळी, चिकट पानं काढून ती अर्धा तास पंख्याखाली ठेवा, मग कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात घाला. तिसऱ्या दिवशी फडकं बदला. आठवडाभर सहज टिकते. मिरच्यांची देठं काढा, सडायला तिथूनच सुरुवात होते. भेंडीला पाणी लागू देऊ नका. कच्चट टोमॅटो बाहेर ठेवा, फ्रीजमध्ये त्यांची चव जाते. केळी आणि टोमॅटो पाल्यापासून लांब हवेत, कारण पिकताना त्यांच्यातून निघणाऱ्या वायूने पाला पिवळा पडतो. कांदे आणि बटाटे एका टोपलीत नकोत, बटाट्यांना कोंब फुटतात. बटाटे फ्रीजमध्येही नकोत; थंडीने त्यातल्या पिठाची साखर होते आणि तळल्यावर काप काळपट, गोडसर लागतात. सालं, देठं ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाका, म्हणजे सकाळच्या गाडीत जातील.

मग क्रम. पहिले दोन दिवस पालक, मेथी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भेंडी, गिलकी, गवार. त्यानंतर फ्लॉवर, दुधी. कोबी, लाल भोपळा, बटाटा शेवटी. पाचव्या दिवशी एक वेळ मटकी किंवा चवळी धरा, म्हणजे भाजी कमी पडली तरी अडत नाही. पावसाळ्यात पालेभाजी आठवड्याची आणूच नका, चिखल आणि अळ्या निवडण्यात वेळ जातो आणि ती टिकतही नाही.

वर्षाचा गहू भरणाऱ्यांसाठी थोडक्यात: दिवसाला दोन किलोच्या हिशोबाने साधारण सात क्विंटल लागतो. एप्रिल-मेमध्ये नवा शरबती किंवा लोकवन घ्या आणि कडक उन्हात वाळवून, पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरा. गरम गहू भरला तर आत वाफ धरते आणि टोके होतात. गोदामात वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरच्या कोठीत कधीही टाकू नका. त्यातून निघणाऱ्या फॉस्फीन वायूने माणसं दगावतात. कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि दर दोन महिन्यांनी एक चाळणी, एवढं घराला पुरतं.

पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी फ्रीजचा भाजीचा कप्पा रिकामा करा. दोन गाजरं, अर्धा फ्लॉवर, मूठभर गवार जे उरलं असेल ते बारीक चिरून मसालेभातात घाला. कप्पा पुसून कोरडा करा. तो ओला राहिला तर नवी भाजी पहिल्याच रात्री खालून चिकट होते.