स्वस्तातली इलेक्ट्रिक युनिसायकल घेताना बॅटरीची रेंज आणि चाकाची ताकद कशी पडताळावी

गाडी कुठलीही असो, आपल्याकडे पहिला प्रश्न एकच असतो: अ‍ॅव्हरेज किती देते? इलेक्ट्रिक युनिसायकल बघायला आलेला माणूसही हेच विचारतो, आणि विकणारा बॉक्सवरचा आकडा वाचून दाखवतो. प्रश्न बरोबर आहे, पण या वाहनाच्या बाबतीत तो अर्धाच आहे.

युनिसायकलला एकच चाक, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला पेडल, वळवायला हँडल नाही, वर फक्त उचलायची मूठ. पुढे झुकलं की चाक पुढे पळतं, मागे झुकलं की ब्रेक लागतो. तुमचा पुढचा-मागचा तोल मोटर सांभाळते, दर क्षणाला जोर लावून. इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी उतरली तर ती हळू होते, फार तर ढकलत न्यावी लागते. युनिसायकलच्या मोटरकडे ऐन वेळी जोर उरला नाही, तर चालवणारा तोंडावर आपटतो. म्हणून आवडलेल्या दोन युनिसायकलींच्या रेंज आणि ताकद यांची तुलना एकत्रच करावी लागते, आणि ती बॅटरी निम्म्याच्या खाली आल्यावर करावी लागते. फुल चार्जवर सगळीच चाकं (इथून पुढे युनिसायकलला चाकच म्हणू) जोरदार वाटतात.

पायरी १: किलोमीटर बाजूला ठेवा, वॅट-तास विचारा

कंपन्या रेंज मोजतात ती साधारण सत्तर-पंचाहत्तर किलोचा माणूस, सपाट रस्ता, एकसारखा कमी वेग आणि बॅटरी जवळजवळ रिकामी होईपर्यंत, अशा हिशेबाने. तुमचं वजन आणि तुमचा रस्ता त्यात कुठेच नसतो. त्यापेक्षा बॅटरीत ऊर्जा किती साठते ते विचारा. ती वॅट-तासात मोजतात आणि गणित सोपं आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास.

लिथियमचा एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवतो, सरासरी ३.६ ते ३.७ धरतात. २० सेल एकापुढे एक जोडले की फुल चार्जला ८४ व्होल्ट होतात आणि सरासरी ७४. अशा दोन रांगा समांतर जोडल्या, प्रत्येक सेल ३.५ अँपिअर-तासांचा, म्हणजे ७ अँपिअर-तास. ७४ गुणिले ७, ५१८ वॅट-तास. इनमोशन व्ही८एफ या चाकाच्या कागदावर नेमका हाच आकडा आहे. किंगसाँग १४डी १६ सेलच्या रांगांचं चाक आहे, फुल चार्जला ६७.२ व्होल्ट, आणि पॅक ४२० वॅट-तासांचा. इनमोशन व्ही५एफचा पॅक ३२० चा. बजेटमधली बहुतेक चाकं याच पट्ट्यात येतात.

विकणारा फक्त ‘८४ व्होल्टची बॅटरी आहे’ म्हणत असेल तर थांबा आणि अँपिअर-तास विचारा. तेही सांगता येत नसतील तर चार्जर आणि पॅकवरचं लेबल स्वतः वाचा. लेबलच नसेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

पायरी २: चाचणीसाठी जागा ठरवा

ज्या बॅटरीच्या वाहनांना आपल्याकडे नोंदणीतून सूट आहे, त्यांची मोटर २५० वॅटच्या आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असावा लागतो. ही चाकं ५०० ते १,००० वॅटची, त्यामुळे ती सुटीत बसत नाहीत. म्हणून जालना रोडसारख्या वर्दळीच्या रस्त्यावर किंवा बायपासवर चाचणी घेऊ नका.

आपल्या शहरांभोवती एक जागा मात्र भरपूर आहे: एनए प्लॉटिंगचे लेआउट. डांबरी रस्ते, कोपऱ्यावर प्लॉट नंबरचे दगड, घरं दोन-चार. मालकाची परवानगी घ्या आणि सकाळी जा. कॉलेजचा आवारही चालतो. सपाट फेरीइतकाच महत्त्वाचा आहे थोडासा चढ, शंभर-दीडशे मीटरचा असला तरी पुरे. परभणी-नांदेडकडे, गोदावरीच्या काठाने राहणाऱ्यांना तो शोधावा लागेल. अंबाजोगाईकरांना बालाघाटाने भरपूर दिला आहे, आणि त्यांनी निकालातही चढाला जास्त वजन द्यावं.

हेल्मेट, मनगटाचे गार्ड आणि गुडघ्याचे पॅड घातल्याशिवाय यातलं काहीही करू नका. या चाकावरून पडताना माणूस हात पुढे टाकतो, म्हणून मनगट आधी जातं.

पायरी ३: दोन्ही चाकांना सारखी परिस्थिती द्या

चालवणारा एकच हवा. ५५ किलोची मुलगी आणि ९० किलोचा गडी यांनी एकेक चाक चालवून आकडे जुळवले तर ती माणसांची तुलना होईल. बॅग पाठीवर असेल तर दोन्ही वेळा असू द्या. टायरमधली हवा गेजने तपासून सारखी ठेवा. मऊ टायर बॅटरी खातो आणि लोक दोष पॅकला देतात.

वेग ठरवून घ्या आणि मोडू नका. ताशी २० चा ३० केला तर हवेचा विरोध सव्वादोन पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. उभा माणूस हवेला चांगलाच अडवतो. जून-जुलैत पश्चिमेकडून वारं सुटतं तेव्हा तर एकाच दिशेची चाचणी काहीच सांगत नाही. गोल फेरी घ्या, नाहीतर जाऊन-येऊन मोजा.

अंतर फोनच्या जीपीएसवर मोजा. चाकाचा स्वतःचा मीटर बऱ्याचदा थोडं वाढवून सांगतो.

ऋतूचाही फरक पडतो. परभणीत थंडीत पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा लिथियमचे सेल आखडतात, त्यांचा अंतर्गत रोध वाढतो आणि रेंज कमी भरते. मे महिन्यात उलटं संकट. बेचाळीस अंशांच्या उन्हात चाललेलं चाक घरी आणून लगेच चार्जिंगला लावू नका. सेल ४५ अंशांच्या वर असताना चार्ज करणं त्यांचं आयुष्य खातं. सावलीत तासभर तरी निवू द्या. म्हणून एक चाक जानेवारीत आणि दुसरं मेमध्ये तपासून निकाल लावू नका.

पायरी ४: खरं अ‍ॅव्हरेज काढा

यासाठी प्लगमध्ये बसणारा छोटा वॅटमीटर लागतो, चार्जर आणि सॉकेटच्या मध्ये लावायचा. ऑनलाइन सहज मिळतो. नसेल तर भाडेकरूंसाठी लावतात तसला सब-मीटर इलेक्ट्रिशियनकडून एका बोर्डावर जोडून घ्या.

पूर्ण चार्ज करा, हिरवा दिवा लागल्यावरही तासभर लावून ठेवा. मग ठरलेल्या वेगाने फेऱ्या मारा आणि बॅटरी ३० टक्क्यांवर आली की थांबा. शून्यापर्यंत न्यायचा मोह होतो, तो आवरा. तिथेच माणसं पडतात. चाक निवल्यावर वॅटमीटर लावून पुन्हा पूर्ण चार्ज करा आणि किती युनिट गेले ते लिहून ठेवा.

समजा २२ किलोमीटर झाले आणि ०.३८ युनिट, म्हणजे ३८० वॅट-तास भिंतीतून गेले. चार्जरमध्ये दहा-पंधरा टक्के वाया जातात असं धरा, म्हणजे पॅकमध्ये सुमारे ३३० पोचले. भागिले २२, म्हणजे किलोमीटरला १५ वॅट-तास. मध्यम वजनाच्या माणसाला, बऱ्या रस्त्यावर १२ ते १८ च्या मध्ये आकडा आला तर चाचणी ठीक झाली असं समजा. फार वेगळा आला तर आधी टायर आणि अंतर तपासा.

आता पॅकच्या एकूण वॅट-तासांतला पाव भाग बाजूला काढा. तो तोल सांभाळण्यासाठी राखीव आहे, त्याला रेंजमध्ये धरू नका. ५१८ चे उरले सुमारे ३९०, भागिले १५, म्हणजे २६ किलोमीटर. कागदावरच्या आकड्याच्या हे जवळपास निम्मं असतं. कॉलेजच्या आवारात आणि सोसायटीत फिरायला ते भरपूर आहे. फक्त आकडा आधीच माहीत हवा.

चढाचा हिशेब वेगळा करा. ७५ किलोचा माणूस आणि १५ किलोचं चाक १०० मीटर उंच न्यायला नुसत्या उचलण्याचे सुमारे २५ वॅट-तास लागतात, मोटरचा तोटा धरला तर तीस-पस्तीस. म्हणजे १०० मीटरची चढण दोन किलोमीटरचं सपाट अंतर खाऊन टाकते. उतारावर ब्रेक लावताना मोटर थोडं परत भरते, पण सगळं नाही. आणि बॅटरी फुल असताना लांब उतार उतरू नका. परत येणारी वीज ठेवायला जागा नसते, मग चाक इशारा देऊन पेडल कलवतं.

पायरी ५: ताकद तपासा, आणि तीस टक्क्यांवर तपासा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

मोटर फिरते तेव्हा ती स्वतःही उलटा व्होल्टेज तयार करते. वेग वाढतो तसा हा व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजच्या जवळ जातो आणि मोटरकडे उरलेला जोर कमी होतो. चाक हवेत उचलून मोकळं फिरवलं तर ज्या वेगाला ते अडतं, तिथे जोर शून्य. समजा ८४ व्होल्टला हा मोकळा वेग ताशी ५० आहे. बॅटरी ७० व्होल्टवर आली की तो ४२ च्या खाली येतो. चढावर करंट ओढल्याने आणखी चार व्होल्ट दबले की ३९. तुम्ही ताशी ३० नेच चालला आहात, पण सकाळी वीसचं अंतर होतं ते आता नऊचं राहिलं. त्यात एखादा खड्डा आला की चाकाला अचानक जोर लागतो, आणि तो नसेल तर चाक सुटतं.

म्हणून दोन्ही चाकांचा मोकळा वेग फुल चार्जला आणि ३० टक्क्यांवर मोजा. उचलायची मूठ घट्ट धरून चाक उचला, हलकेच पुढे कलवा, अ‍ॅपमध्ये कमाल वेग वाचा. ओढणी, पायजम्याची नाडी, बूटची लेस दूर ठेवा. काही मॉडेलमध्ये मुठीखाली मोटर बंद करणारं बटण असतं. ते दाबलं गेलं तर चाक फिरणारच नाही.

नंतर व्होल्टेज किती दबतो ते बघा. अँड्रॉइडवर इयूसी वर्ल्ड किंवा व्हीललॉग, आयफोनवर डार्कनेसबॉट ही अ‍ॅप चालतात. चढाच्या पायथ्याशी थांबून व्होल्टेज वाचा. मग ठरलेल्या वेगाने चढ चढा आणि वर आल्यावर नोंदीतला सर्वात खालचा व्होल्टेज बघा. चालवताना फोनकडे बघू नका, अ‍ॅप सगळं साठवून ठेवतं. आलेख वाचायला सोपा असतो: खाली ७६, चढ लागताच ७४, मध्यावर ७२, माथ्यावर वेग कमी केला की परत ७५. मधला चार व्होल्टचा खड्डा हेच त्या पॅकचं खरं प्रगतिपुस्तक. दोन रांगांच्या ८४ व्होल्टच्या पॅकला १० अँपिअरच्या आसपास करंट असताना इतकं दबणं साहजिक आहे. त्याच चढावर, त्याच माणसाखाली दुसऱ्या चाकाचा व्होल्टेज सात-आठने दबत असेल तर त्याचे सेल हलके किंवा थकलेले आहेत. मग त्याच्या कागदावर वॅट-तास कितीही असोत.

याच्या तुलनेत मोटरच्या वॅटचा आकडा मी फारसा मोजत नाही. १,००० वॅटची मोटर आणि थकलेला पॅक ही जोडी ८०० वॅट आणि निरोगी पॅकपेक्षा धोकादायक आहे, कारण ती सुरुवातीला विश्वास देते.

पायरी ६: आपल्या रस्त्यांना चालेल का ते बघा

काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता पावसाळ्यानंतर लाटांसारखा होतो. अशा रस्त्यावर १० इंची चाक, उदाहरणार्थ बेगोडेचं एमटेन३, फिरायला मजेदार पण खड्ड्यात अडकणारं. १४ इंच चालवून घेता येतं, १६ बरं. पावसाळ्यात काळी माती टायर आणि बॉडीच्या फटीत भरते आणि चाक जाम होतं. त्या दिवसांत कच्च्या रस्त्याला नेऊच नका.

पायरी ७: जुनं चाक असेल तर एक रात्र मागून घ्या

बजेटमध्ये बरीच चाकं सेकंडहँडच असतात. विकणाऱ्याला स्पष्ट सांगा: पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवा, सकाळी व्होल्टेज मी वाचणार. ८४ चा पॅक सकाळी ८३ च्या वर असावा. ८१-८२ वर आला असेल तर काही सेल मागे पडलेत, आणि तोच पॅक चढावर अचानक मान टाकतो. पॅक आधी कुणी उघडून जोडला आहे का, चाक कधी पाण्यात बुडालं होतं का, हेही विचारा. बॉडीच्या आत वाळलेली माती दिसली तर उत्तर मिळालंच.

परदेशातल्या नातेवाइकाकडून आणायचा विचार असेल तर तो सोडा. १६० वॅट-तासांवरची बॅटरी प्रवाशाला विमानात नेता येत नाही, आणि यातलं सर्वात छोटं चाकही ३०० च्या पुढे आहे.