धाकटं अंगावर, थोरलं पदराला: दोघांना सांभाळून बाळाला पाजायचं कसं

नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं. पहिल्या आठवड्यांत एकेक पाजणं अर्धा तास तरी चालतं, म्हणजे दिवसाचे चार ते सहा तास त्यातच जातात. एवढा वेळ थोरल्याला "जा, तिकडे खेळ" म्हणून लांब ठेवलं तर आठ दिवसांत ते धाकट्याला चिमटे काढू लागतं. तेव्हा त्याला लांब सारू नका, तुमच्याजवळच जागा करून द्या.

बसण्याआधी

गॅसचं रेग्युलेटर बंद करा. न्हाणीघराला बाहेरून कडी घाला आणि पाण्याने भरलेली बादली रिकामी करा, कारण छोटं मूल थोड्याशा पाण्यातही बुडू शकतं. थोरल्याला शू करवून आणा. मग भिंतीला पाठ टेकून जमिनीवरच गादी घाला. पलंगावर बसलात की थोरलं चढ-उतर करत राहतं आणि धक्का बाळाला लागतो. हाताशी पाण्याचा तांब्या, एक दुपटं आणि थोरल्यासाठी चुरमुरे किंवा केळ्याच्या फोडी ठेवा. एका पिशवीत चित्रांचं पुस्तक आणि दोन-तीन खेळणी घालून ठेवा. ही पिशवी फक्त पाजतानाच उघडायची. दिवसभर हाती लागली तर तिची ओढ उरत नाही.

बाळाला लावताना

१. बाळाचं पोट तुमच्या पोटाला लागू द्या. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत हवेत. मान वळवून पिणं बाळाला जमत नाही.
२. स्तनाग्र बाळाच्या वरच्या ओठाला लावा आणि तोंड जांभईसारखं मोठं उघडेपर्यंत थांबा.
३. तोंड उघडलं की बाळाला छातीकडे आणा, तुम्ही पुढे वाकू नका. नुसतं स्तनाग्र नाही, भोवतीचा काळसर भागही तोंडात जायला हवा. हनुवटी स्तनाला टेकलेली आणि खालचा ओठ बाहेर वळलेला दिसला पाहिजे.

पहिल्या काही क्षणांनंतरही दुखत राहिलं, तर पकड चुकली आहे. तसंच ओढून काढू नका. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यात घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. थोरल्याच्या गडबडीत "चालतंय की" म्हणून तसंच पाजलं, तर दुसऱ्या दिवशी चिरा पडतात आणि मग प्रत्येक वेळी डोळ्यांत पाणी येतं.

थोरलं दीड-दोन वर्षांचं असेल तर बाळाला पाहून तेही अंगावर मागेल. दिलं तरी चालतं. चीक येतो त्या पहिल्या तीन-चार दिवसांत मात्र आधी धाकटं, मग थोरलं. नंतरही पहिला मान धाकट्याचाच. दूध साठवणीतलं नसतं, जितकं ओढलं जातं तितकं तयार होतं.

संध्याकाळी बाळ दर अर्ध्या-पाऊण तासाला मागतं. नेमका तेव्हाच थोरल्याचा अभ्यास आणि जेवण असतं. दूध कमी पडतंय असं समजून कुणी वरचं दूध सुचवेल, पण या वयात असं सारखं मागणं स्वाभाविक आहे. थोरल्याचं जेवण साडेसहालाच उरका आणि तेवढा तास आजी, आत्या, बाबा, जे घरात असेल त्यांच्याकडे सोपवा. सकाळी शाळेची रिक्षा यायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी बाळाला पाजून घ्या.

दूध पुरतंय का, हे ओळखायचं कसं

लंगोट मोजा. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत पाचव्या दिवसानंतर २४ तासांत किमान सहा ओले लंगोट हवेत. सुरुवातीला घटलेलं वजन साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरचं म्हशीचं दूध कितीही ताजं असलं, तरी सहा महिन्यांपर्यंत बाळाला थेंबभरही नको. मध आणि घुटीही नको. आईने मात्र पोटभर जेवावं: भाकरी, पालेभाजी, अळिवाची खीर, पोटाला सोसत असेल तर पांढरा रस्सासुद्धा.

थोरल्याला सर्दी झाली तर बाहेरून आल्यावर हात साबणाने धुवायला लावा. पापा तोंडाचा नाही, पायाचा घेऊ द्या. पाजणं थांबवू नका.

स्तनात गाठ आली तर पाजण्याआधी थोडा कोमट शेक द्या, पाजून झाल्यावर गार पट्टी ठेवा आणि त्या बाजूनेही पाजत राहा. लाली पसरली, थंडी-ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. पकड त्यांच्यासमोरच लावून दाखवा.

बाळ उठवूनही पीत नसेल, लंगोट कोरडे राहत असतील, अंग तापलं किंवा गार पडलं असेल, तर सकाळची वाट पाहू नका. थोरल्याला शेजारी सोपवा, १०८ ला फोन करा किंवा बाळाला थेट सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) न्या.