मोठ्या बोटीसाठी बंक ट्रेलर की रोलर? ऑर्डर देण्याआधी एवढी तयारी करा

२४-२६ फुटी बोटीसाठी ट्रेलर बघताय तर कॅटलॉग नंतर उघडा, आधी जिथून बोट पाण्यात सोडणार तो उतार ओहोटीला जाऊन बघून या. भरतीला नाही, ओहोटीलाच, भरतीला सगळेच रॅम्प छान दिसतात. बांबू घेऊन जा आणि काँक्रीट कुठे संपतं ते टोचून बघा, आपल्या ठाणे खाडीच्या दोन्ही बाजूंना काँक्रीट संपलं की सरळ गाळच लागतो आणि ट्रेलरची मागची चाकं त्या कडेवरून एकदा खाली घसरली की तीन टनांचा बोजा ट्रॅक्टरलाही ओढून निघत नाही. जेट्टीवरच्या कोळी काकांना विचारा कुठपर्यंत पक्कं आहे, त्यांना पायाखालचा दगड न् दगड माहीत असतो.

हे आधी का सांगतोय तर दोन्ही ट्रेलरमधला खरा फरक इथेच आहे. बंक म्हणजे लांबलचक फळ्या, वर कार्पेट किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या, बोट त्यावर पूर्ण लांबीभर बसते. ती घसरत नाही, तरंगून सुटते, म्हणजे ट्रेलर पार मडगार्ड बुडेपर्यंत पाण्यात न्यावा लागतो, उतार सपाट असेल तर गाडीची मागची चाकंसुद्धा पाण्यात. रोलरवर मात्र बोट चाकांवरून घरंगळते, कमी पाण्यातही उतरते आणि विंचने, म्हणजे ट्रेलरवरच्या पट्टा गुंडाळणाऱ्या चरख्याने, परत वर येते, कधीकधी तर ट्रेलरचे हब, म्हणजे चाकांचे मधले भाग, कोरडेच राहतात. म्हणून तुमचा उतार लांब आणि सपाट असेल आणि अर्ध्या भरतीलाच निघायचं असेल तर रोलरचा विचार करा, तीव्र उतार असेल आणि भरती गाठून जायची तयारी असेल तर बंक.

भरतीचा हिशोब मोबाईलवर मिळतोच, पण जुना हिशोब डोक्यात असू द्या, तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ निघते, अष्टमीला सहाच्या आसपास, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या सुमारास, आणि रोज ती पाऊण-एक तासाने पुढे सरकते. उधाणाला मुंबईत पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत चढउतार बराच कमी. तुम्हाला सुट्टी रविवारीच मिळत असेल तर महिन्यातल्या चारही रविवारच्या वेळा कागदावर मांडा आणि बघा बंक ट्रेलरला पुरेल एवढं पाणी सकाळी निघताना आणि संध्याकाळी परत येताना, दोन्ही वेळा मिळतंय का. निघताना मिळालं आणि येताना नाही तर बोट खाडीत आणि तुम्ही काठावर, पुढची भरती येईपर्यंत.

आता दुसरी बाजू, आणि माझ्या मते आपल्याकडे हीच जास्त जड आहे. आपली बोट वर्षातला मोठा काळ पाण्यात नसतेच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, कोळीवाड्यात नौका शाकारलेल्या, हौशी बोटवालेही नारळी पौर्णिमेपर्यंत आणि पुष्कळदा त्यानंतरही बोट बाहेरच काढत नाहीत, म्हणजे तीन-चार महिने सगळं वजन ट्रेलरवर. फळीवर ते वजन पसरतं. रोलरवर तेच वजन तळव्याएवढ्या जागांवर येतं, आणि फायबरचा तळ, त्यात मागे दोन इंजिनं लटकलेली, हळूहळू रोलरच्या जागी दबतो. रोलरच घ्यायचा तर रोलरची संख्या भरपूर हवी आणि ते तळाच्या आतल्या मजबूत आधारांखाली यायला हवेत, ते आधार कुठे आहेत ते बोट बनवणाऱ्याकडून ड्रॉइंगवर मागून घ्या, अंदाजाने ठरवू नका.

बंक असला तरी एक गोष्ट डोळ्यांनी बघाच, फळी ट्रान्समपर्यंत, म्हणजे इंजिन लागतं त्या मागच्या कडेपर्यंत पोचते का. अर्धा फूट जरी कमी पडली तरी मागचा भाग अधांतरी राहतो आणि तळाला वाक येतो. तपासायला गवंडी प्लास्टरला वापरतात ती लांब सरळ ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, बोटीच्या खाली झोपा आणि मागच्या दीड मीटरवर तळाला लांबीच्या दिशेने टेकवा, मध्ये फट दिसली तर तळ वाकलाय. असा तळ पाण्यात नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, खाली दाबतो आणि वेग घटवतो. जुनी बोट ट्रेलरसकट घेताय तर हे पैसे देण्याआधी. आणि तळावरच्या उंच रेघांवर, स्ट्रेक्सवर, फळी बसता कामा नये, त्यांच्या मधल्या सपाट भागावर हवी.

वजन कागदावर मांडा, ब्रोशरमधलं रिकामं वजन धरू नका. समजा बोट १८०० किलो, दोन १५० एचपीची इंजिनं साधारण ४३०, ४०० लिटर पेट्रोल ३००, पाण्याची टाकी १००, अँकर चेन बॅटऱ्या आईसबॉक्स १५०, झाले २७८०, त्यावर ट्रेलरचं स्वतःचं ७००, म्हणजे साडेतीन टनांच्या घरात. इथे दोन ॲक्सल आणि ब्रेक हवेतच, आणि ट्रेलरची क्षमता याहून निदान १५ टक्के जास्त. तुमची गाडी ब्रेकवाला ट्रेलर किती किलो ओढू शकते ते तिच्या मॅन्युअलमध्ये बघा, बऱ्याच एसयूव्ही इथेच बाद होतात. हुकवर एकूण वजनाच्या ७ ते १० टक्के भार यावा, कमी आला की ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो, घोडबंदरच्या घाटात तर नकोच. रुंदीही मोजा, आपल्या नियमांत वाहनाची रुंदी २.६ मीटरच्या वर नको आणि मोठ्या बोटी हीच मर्यादा ओलांडतात. ट्रेलरचं आरटीओ रजिस्ट्रेशन वेगळं असतं, ते विकणाऱ्याशी आधीच बोलून घ्या.

खाऱ्या पाण्याचं थोडक्यात: फ्रेम गॅल्व्हनाइज्ड, तीही वेल्डिंग आणि ड्रिलिंग सगळं झाल्यावर केलेली, नट-बोल्ट स्टेनलेस. रोलरला प्रत्येक चाकाला पिन आणि बुश, ते गंजले की चाक फिरायचं थांबतं आणि तेच चाक तळ घासतं, म्हणून दर धुण्याच्या वेळी प्रत्येक रोलर हाताने फिरवून बघायचा. बंकचं कार्पेट मीठ आणि चिखल धरून ठेवतं, पण दोन-चार वर्षांनी ते बदलायला कुठलाही सुतार चालतो, रोलरचे पार्ट मात्र मागवत बसावं लागतं. लांबून ट्रेलर ओढून आणलात तर हब तापलेले असतात, लगेच पाण्यात घातले की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी बेअरिंगमध्ये ओढलं जातं, हाताला थंड लागेपर्यंत काठावर थांबा. रोलरवाल्यांनी विंचचा पट्टा बोट पाण्याला लागेपर्यंत सोडायचाच नाही, उतारावर ती क्षणात काँक्रीटवर येते. बंकवाल्यांनी परत चढवताना इंजिनाचा जोर लावायचा नाही, विंच वापरा, पंख्याने गाळ उसळतो आणि कूलिंगमध्ये शिरतो.

माझं मत विचाराल तर एवढ्या जड बोटीला, पावसाळाभर ट्रेलरवर ठेवायच्या, बंकच, चार फळ्यांचा, मधोमध कीलखाली, म्हणजे तळाच्या कण्याखाली, दोन-तीन रोलर असलेला, आणि निघायची वेळ भरतीप्रमाणे. फक्त अठरा-वीस फुटी हलकी बोट दर आठवड्याला सपाट उतारावरून सोडणार असाल तर रोलर खुशाल घ्या.

मे महिन्यात बोट ठेवतानाची तयारी: नाळ वर, मागचा ड्रेन प्लग काढून खिशात किंवा चावीला बांधून, ट्रेलरच्या फ्रेमखाली ठोकळे म्हणजे टायर आणि स्प्रिंगवरचा भार उतरतो, आणि ताडपत्री अशी की पाणी साचणार नाही. हिशोब करून बघा, १५ चौरस मीटरच्या डेकवर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर दीड हजार लिटर, म्हणजे दीड टन, आणि ठाण्यात असे दिवस जुलैमध्ये येतातच. प्लग लावलेला राहिला किंवा त्याचं भोक पानांनी बुजलं तर ते सगळं वजन त्याच फळ्यांवर नाहीतर त्याच रोलरवर येतं, म्हणून कोणीतरी दर आठवड्याला जाऊन भोकात तार घालून बघणारा माणूस आत्ताच ठरवून ठेवा.