बार मिट्झ्वाची तयारी : या चुका टाळा

मुलाला बारावं लागलं की घरात बार मिट्झ्वाचं, म्हणजे मुलगा धर्माने सज्ञान होण्याच्या समारंभाचं, बोलणं निघतं आणि ते हॉलपासून सुरू होतं. मग केटरर, मग इस्राएलहून येणारे मामा-मावश्या आणि त्यांची तिकिटं. मुलाचं वाचन यादीच्या तळाशी जातं. मी आपल्या बेने इस्राएल (कोकण-मुंबईकडच्या ज्यू) मुलांना तोरा, म्हणजे आपला धर्मग्रंथ, वाचायला शिकवतो. "दीड महिना आहे, होईल ना?" असं विचारत आलेले आईवडील पाहिले की मला आधी मुलाचीच काळजी वाटते. दीड महिन्यात पाठांतर होतं, वाचन येत नाही.

तेरा हिब्रू वर्षं पूर्ण झाली की मुलगा धर्माच्या दृष्टीने सज्ञान होतो. समारंभ केला नाही तरी होतोच. त्या दिवसापासून तो मिन्यानमध्ये (प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत) धरला जातो, तेफिलीन (प्रार्थनेच्या वेळी हातावर आणि डोक्यावर बांधायच्या चामडी डब्या) बांधणं त्याच्यावर बंधनकारक होतं, त्याला तोरासमोर बोलावता येतं. समारंभ म्हणजे या जबाबदाऱ्यांची सुरुवात. खालच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

तारीख जन्मदाखल्यावरून ठरवणं

महापालिकेच्या दाखल्यावर इंग्रजी तारीख असते. हिब्रू दिवस मात्र सूर्यास्ताला सुरू होतो. मुलगा संध्याकाळी सहाला जन्मला की आठला, यावर हिब्रू तारीख एका दिवसाने बदलू शकते. म्हणून हॉस्पिटलच्या कागदावरची जन्मवेळ शोधा, त्या दिवशीचा सूर्यास्त पाहा आणि मग हजानसाहेबांकडून (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांकडून) तारीख पक्की करून घ्या. मुलाला तारखेनंतर कधीही बोलावता येतं, तारखेआधी नाही.

अदार महिन्यातल्या मुलांचं गणित आणखी वेगळं आहे. आपल्याकडच्या अधिक महिन्यासारखाच हिब्रू पंचांगातही जादा महिना येतो, 19 वर्षांत 7 वेळा, आणि दर वेळी अदारच दोनदा येतो. साध्या वर्षातल्या अदारमध्ये जन्मलेल्या मुलाचं तेरावं वर्ष लीप वर्षात संपत असेल, तर तारीख दुसऱ्या अदारमध्ये धरतात. 2017च्या अदारमधल्या मुलांना 2030 साली हेच लागू होईल. उलट प्रकार तर ऐकताना खोटा वाटतो. 5 मार्च 2016 रोजी दिवसा जन्मलेल्या मुलाची तारीख पहिल्या अदारची 25. 15 मार्च 2016 रोजी दिवसा जन्मलेल्याची दुसऱ्या अदारची 5. दोघांची तेरा वर्षं 2029मध्ये पूर्ण होतात आणि त्या वर्षी अदार एकच आहे. त्यामुळे दहा दिवसांनी लहान असलेला मुलगा आधी सज्ञान होतो. जवळजवळच्या तारखांच्या चुलतभावांचा समारंभ एकत्र करायचा विचार असेल तर हे आधी तपासा.

मुलींसाठी वय बारा आहे. "मुलाच्या तेराव्यासोबत तिचंही उरकू" म्हणून मुलीची तारीख मागे टाकू नका. आपल्या बहुतेक सिनेगॉगमध्ये मुलींना तोरासमोर बोलावत नाहीत. पण परशावर (त्या आठवड्याच्या तोरावाचनावर) बोलणं, घरी शब्बाथचे (शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाचे) दिवे लावणं, मलिद्याच्या (पोहे-खोबऱ्याचं ताट ठेवून करायच्या विधीच्या) वेळी आशीर्वाद म्हणणं यांची तयारी तिच्याकडून मनापासून करून घेता येते. 1925 साली डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन सुरू झाली. तिथली पद्धत उदारमतवादी आहे, मुलीबद्दल तिथे विचारून पाहा.

देवनागरीत लिहून पाठ करून घेणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. आशीर्वाद देवनागरीत लिहून देतात आणि परशा व्हॉट्सअ‍ॅपवरचं रेकॉर्डिंग ऐकवून पाठ करून घेतात. सेफेर तोरात (तोराच्या हस्तलिखित गुंडाळीत) स्वरचिन्हं नसतात, चालीच्या खुणा नसतात, विरामचिन्हंही नसतात. नुसती अक्षरं. पाठ केलेल्या मुलाची नजर त्या ओळींवरून फिरत असते, पण तो वाचत नसतो. एक शब्द निसटला की पुन्हा कुठे शिरायचं हे त्याला कळत नाही. मग तो थेट सुरुवातीपासून म्हणू लागतो.

देवनागरीच्याही अडचणी आहेत. हेत आणि हे ही दोन वेगळी अक्षरं आपण एकाच 'ह'ने लिहितो. काफच्या घर्षणाच्या उच्चारासाठी 'ख' लिहिलं की मुलं खटाऱ्यातला ख म्हणतात. शेवटच्या अक्षरातला अ म्हणायचा की गिळायचा, हे मराठी सवयीने ठरतं आणि चुकतं. एका ओळीत असं तीनदा झालं की पुढे सुधारणं फार कठीण जातं, कारण जीभ वळलेली असते.

दीड वर्ष आधी अक्षरओळख सुरू करा. रोज वीस मिनिटं पुरे, रविवारचे दोन तास नकोत. आधी सिद्दूरमधून (प्रार्थनेच्या पुस्तकातून) स्वरचिन्हांसह वाचन, मग चालीच्या खुणा, मग तिक्कून. तिक्कूनमध्ये एका बाजूला खुणांसह मजकूर असतो आणि दुसऱ्या बाजूला सेफेरमध्ये असतो तसा नुसता. मुलाने उजवीकडचा खुणांचा मजकूर चार वेळा वाचावा आणि मग तो झाकून डावीकडचा वाचून पाहावा. कुठे अडतो ते तुम्हाला पहिल्याच आठवड्यात दिसेल. वेळ खरोखरच कमी असेल तर पूर्ण परशाचा हट्ट सोडा. नीट वाचलेली एक अलिया (एकाला बोलावून वाचायचा भाग) पाठ केलेल्या सात अलियांपेक्षा चांगली.

आवाजाचंही पाहा. तेराव्या वर्षी आवाज फुटतो. वडिलांच्या किंवा काकांच्या पट्टीतलं रेकॉर्डिंग ऐकून शिकलेला मुलगा आयत्या वेळी वरच्या सुरात अडकतो. शेवटच्या तीन महिन्यांत त्याला त्याच्या आजच्या आवाजात, खालच्या पट्टीत म्हणायला लावा.

इस्राएलमधून आलेलं रेकॉर्डिंग

अश्दोदच्या किंवा दिमोनाच्या आजोबांनी प्रेमाने परशा म्हणून पाठवली, नातवाने महिनाभर गिरवली, आणि नंतर कळलं की त्या शब्बाथला मुंबईत वेगळीच परशा आहे. असं घडू शकतं. इस्राएलमध्ये पेसाहचा सण सात दिवसांचा, आपल्याकडे आठ. आठवा दिवस शब्बाथला आला की त्या दिवशी आपल्याकडे सणाचं वाचन होतं, तिकडे नेहमीची परशा पुढे सरकते. मग काही आठवडे दोन्हीकडची वाचनं जुळत नाहीत. 2029मध्ये तसं आहे. शावुओथ सणाचा आपल्याकडचा दुसरा दिवस शब्बाथला आला की तीच गोष्ट, 2026मध्ये आहे तशी. हफ्तारासुद्धा (परशानंतर वाचायचा संदेष्ट्यांच्या ग्रंथांतला भाग) काही परशांना सेफार्दी (आपली पद्धत) आणि अश्केनाझी (युरोपातल्या ज्यूंची पद्धत) वेगळा वाचतात. तोराच्या नंतरच्या आशीर्वादातही सेफार्दी सिद्दूरमध्ये शब्द थोडे वेगळे आहेत. कुठल्या सिनेगॉगमध्ये वाचायचं ते ठरवा, तिथला सिद्दूर आणा, तिथल्याच हजानांची चाल घ्या.

शब्बाथ धरायचा आणि फोटोही हवेत

शब्बाथला तेफिलीन बांधत नाहीत. फोटो, व्हिडिओ, माइक, गाडीही नाही. तरी पत्रिका छापून झाल्यावर "फोटोग्राफर किती वाजता बोलवू?" असा प्रश्न येतो आणि हजानसाहेबांना वाईटपणा घ्यावा लागतो. तोरा सोमवारी आणि गुरुवारी सकाळीही वाचतात. तीन जणांनाच बोलावतात, वाचन छोटं असतं, तेफिलीनही बांधता येतात आणि फोटोही निघतात. ठाण्याहून, पनवेलहून येणाऱ्यांना गाडीने येता येतं. ज्या घराला सगळं एकाच दिवशी हवं आहे, त्यांना मी गुरुवारच सुचवतो. शब्बाथच हवा असेल तर पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय सिनेगॉगच्या जवळ करा आणि फोटो आदल्या गुरुवारी काढा.

मूळ गावी करताना मिन्यान न मोजणं

पेणकरांना पेण आठवतं, रोहेकरांना रोहा. अलिबागच्या इस्राएल आळीतल्या मागेन अबोथमध्ये किंवा पनवेलच्या बेथ एलमध्ये नातवाने तोरा वाचावी, ही आजीची इच्छा मला फार मोलाची वाटते. या सिनेगॉगमध्ये मुलांचे आवाज यायलाच हवेत. पण कोकणातली घरं मुंबई-ठाण्याला आणि इस्राएलला गेली आहेत. सज्ञान दहा पुरुष नसतील तर सेफेर काढून वाचता येत नाही. पाहुणे शंभर असले तरी त्यात ज्यू पुरुष किती, ते मोजा. दहाव्या जागी मुलालाच धरलं असेल तर तारीख पुन्हा तपासा. तेरा वर्षं एक दिवसाने कमी भरली तर मिन्यानही एकाने कमी पडेल. निदान तेरा-चौदा जणांकडून होकार घ्या आणि त्यांच्या येण्याची सोय तुम्हीच करा. सकाळच्या बोटीवर किंवा वडखळच्या ट्रॅफिकवर दहावा माणूस सोडू नका.

तेफिलीन

स्वस्तात मिळाले म्हणून अनोळखी ठिकाणाहून घेऊ नका. आतल्या चर्मपत्रावरचं एक अक्षर तुटलं असेल तरी ते चालत नाहीत, आणि ते बाहेरून दिसत नाही. सोफेरने (धर्मग्रंथ हाताने लिहिणाऱ्या जाणकाराने) तपासलेलेच घ्या. इस्राएलहून मागवायचे तर सहा महिने आधी सांगा आणि सेफार्दी लिखाणाचे हवेत हे स्पष्ट सांगा. आजोबांचे जुने वापरायचे असतील तर तेही आधी तपासून घ्या.

मुलांच्या ठरलेल्या चुका आहेत. डोक्यावरची डबी कपाळावर घसरलेली असते. ती केस उगवतात त्या रेषेच्या वर, मधोमध बसली पाहिजे. पट्टा मुलाच्या डोक्याच्या मापाने बांधून घेतला नाही तर हे होणारच. डावखुऱ्या मुलाला सगळ्यांचं पाहून डाव्या हातावर बांधतात, त्याने उजव्या हातावर बांधायचे. हाताचे आधी, मग डोक्याचे, मधे बोलायचं नाही. यूट्यूबवरचे अनेक व्हिडिओ अश्केनाझी पद्धतीचे असतात. त्यांत पट्टा फिरवण्याची दिशा वेगळी आणि आशीर्वाद दोन. आपण एकच म्हणतो.

कोकणातल्या आणि मुंबईच्या पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कपाटात ठेवू नका, कडक उन्हातही नको. कोरड्या, हवेशीर जागी ठेवा. आणि मुलाने रोज वापरले तर बुरशी लगेच लक्षात येते.

जेवण

केटररला "नॉनव्हेज, पण कोशर" एवढं सांगून भागत नाही. मटण बिर्याणीत तूप, सोबत रायता, शेवटी खीर हे त्याच्या हातून सवयीने होतं. लेखी द्या: मांसाबरोबर दूध, दही, तूप काही नाही, कोळंबी नाही, मासा खवल्या-परांचाच. आपल्या आज्यांनी नारळाच्या दुधात सगळं निभावलं आहे, गोडसुद्धा. मलिद्याचे पोहे आदल्या रात्री भिजवू नका, लगदा होतो. खोबरं आयत्या वेळी खवा. एलियाहू हन्नाबीचं (संदेष्टा एलियाहूचं) गाणं म्हणताना ताट समोर तयार हवं.

त्या सकाळी

मुलाचं हिब्रू नाव वडिलांच्या नावासह कागदावर लिहून हजानांकडे द्या. वडिलांचं हिब्रू नाव कुणालाच आठवत नाही, अशी वेळ येते. मुलाच्या आईवडिलांच्या केथुबात (लग्नाच्या करारपत्रात) ते सापडतं. सेफेर लाकडी पेटीत उभा ठेवून वाचत असतील तर आधी एकदा मुलाला तिथे उभं करून पाहा. ओळ त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येते का, पाय ठेवायला पाट लागेल का.

अर्थ बदलणारी चूक झाली तर तो शब्द पुन्हा वाचावा लागतो. हे मुलाला आधीच सांगून ठेवा, म्हणजे टोकलं की तो खचणार नाही. टोकणारा एकच नेमा. चार काका चार बाजूंनी ओरडले की चांगला तयार झालेला मुलगाही गोंधळतो. आणि आवाजच बसला, ताप आला, तर त्याने दोन्ही आशीर्वाद म्हणावेत आणि वाचन हजानांनी करावं. तेवढ्यानेही त्याची अलिया पूर्ण होते. वाचन पुढच्या गुरुवारी त्याच्याकडून करून घ्या.