ओळखीचे काम घेताना

बडोद्यात फ्रीलान्स काम सुरू करणाऱ्या मराठी मुलामुलींना पहिले काम बहुधा ओळखीतूनच मिळते. दांडिया बाजारातल्या एखाद्या काकांना दुकानाचा लोगो हवा असतो, नाहीतर मकरपुऱ्याच्या जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याला कॅटलॉग. पैशांचा विषय काढायला संकोच वाटतो, ‘बघू नंतर’ यावर बोलणे थांबते, आणि पुढच्या बहुतेक चुका याच संकोचातून निघतात.

दर कितीही ओळखीचा लावा, पण तो लिहून पाठवा. ‘आठ पानांचे कॅटलॉग, दोनदा दुरुस्ती, तिसरीपासून वेगळे पैसे, निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली छपाईची फाइल देण्यापूर्वी’ एवढा ईमेल पुरतो. त्यावर होकार आल्याखेरीज काम सुरू करू नये. दुरुस्त्यांची मर्यादा न घालणे सर्वांत महागात पडते, कारण मालक, त्यांचे भागीदार आणि नुकताच धंद्यात आलेला मुलगा हे तिघे तीन वेगळे बदल सांगतात आणि प्रत्येकाला आपलाच बदल शेवटचा वाटतो. म्हणून अंतिम मंजुरी कोण देणार, त्या एकाचेच नाव ईमेलमध्ये घालावे. नवरात्रीपूर्वीच्या घाईत गरब्याच्या जाहिराती करणाऱ्यांनी तर हे अजिबात टाळू नये. नवरात्र उलटल्यावर बिलाची आठवण कोणालाच राहत नाही.

थकलेल्या बिलासाठी कायदा आहे, पण त्याची तयारी आधी लागते. आधार आणि पॅनच्या आधारे होणारी ‘उद्यम’ ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी विनामूल्य आहे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही ठरवली तरी ४५ दिवसांच्या आत, द्यावे लागतात. उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज लागते. बिल थकल्यावर धावपळ करून केलेल्या नोंदणीवर समोरचा आक्षेप घेऊ शकतो.

कंपनीने टीडीएस, म्हणजे बिल देतानाच कापायचा आयकर, कापला की पैसे बुडाले असे समजून अनेकजण गप्प बसतात. ती रक्कम आयकर खात्याच्या फॉर्म २६एएस या करजमा तपशिलात आपल्या पॅनवर जमा दिसते ना, हे पाहावे आणि विवरणपत्र भरून ती देय करातून वळती करून घ्यावी. कर त्याहून कमी निघाल्यास परतावा मिळतो. जीएसटी नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावणे मात्र सरळसरळ बेकायदा आहे.